किंग स्ट्रीट : मोटारींना आत येऊ दिलं, आरपार जाऊ दिलं नाही

टोरंटोच्या मध्यवस्तीतला किंग स्ट्रीट पाहून कुणाची छाती दडपावी असा तो रस्ता नाही. या बाजूच्या इमारतीपासून त्या बाजूच्या इमारतीपर्यंत साधारण २० मीटर. त्यातच दोन्हीकडचे फूटपाथ आणि चार लेन. मधल्या दोन लेनमध्ये ट्रामचे रूळ, कडेच्या दोन लेनमध्ये दिवसाचा बराच वेळ उभ्या केलेल्या मोटारी. रुंदीकरणाचं नाव काढायची सोय नाही, कारण दोन्ही अंगांना बँकांचे टॉवर, १९०७ सालचं रॉयल अलेक्झांड्रा थिएटर, जुनं सेंट जेम्स कॅथीड्रल आणि शेकडो दुकानं-हॉटेलं आहेत. मेट्रोची दोन स्टेशनं याच रस्त्यावर, आणि उपनगरी रेल्वेचं युनियन स्टेशन चालत काही मिनिटांवर. मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनहून नोकरीसाठी रोज टोरंटोत येणाऱ्या मराठी मंडळींच्या पायांखालूनही हा परिसर गेलेला असतो.

या रस्त्याचा बॅथर्स्ट ते जार्व्हिस असा २.६ किलोमीटरचा तुकडा १२ नोव्हेंबर २०१७ रोजी, एका रविवारी, प्रयोग म्हणून नव्या नियमांनी सुरू झाला. खर्च १५ लाख कॅनेडियन डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसात कोटी रुपयांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या उड्डाणपुलाच्या सल्लागाराची फी याहून जास्त निघेल. एवढ्या पैशात शहराने काय मिळवलं, कसं मिळवलं आणि त्यातलं काय पुढे हातचं गेलं, ते सविस्तर मांडण्यासारखं आहे.

दुखणं काय होतं

मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री कायमची बंद झाली. टोरंटोचीही त्याच वाटेने जायची होती. पण नागरिकांच्या एका समितीने आकडेवारी घेऊन पाठपुरावा केला आणि नोव्हेंबर १९७२ मध्ये ट्राम ठेवायचं ठरलं. आज उत्तर अमेरिकेतलं सर्वांत मोठं ट्रामचं जाळं या शहरात आहे. मात्र ट्राम वाचवली तरी तिला स्वतःची जागा बहुतेक रस्त्यांवर मिळाली नाही. रुळांवरून मोटारीही चालत राहिल्या.

त्यानंतर १९९६ मध्ये शहराने किंग-स्पडायना आणि किंग-पार्लमेंट या दोन भागांतले जमीनवापराचे कडक नियम सैल केले. बंद पडलेल्या कारखान्यांच्या आणि गोदामांच्या जागी कचेऱ्या आणि घरं येऊ दिली. हा निर्णय भलताच फळला. ओस पडलेला भाग वीस वर्षांत माणसांनी भरून गेला, पश्चिमेला लिबर्टी व्हिलेजसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या. आणि या सगळ्यांना कामावर न्यायला होती ती एकच ट्राम, ५०४ नंबरची. सकाळी ती पश्चिमेकडूनच भरून यायची, थांब्यावरचे लोक हात करून दमायचे. २०१४ मध्ये लिबर्टी व्हिलेजच्या काही रहिवाशांनी चक्क वर्गणी काढून खासगी बस चालवून पाहिली होती. सार्वजनिक वाहतूक असलेल्या श्रीमंत शहरात लोकांवर बससाठी वर्गणी काढायची वेळ यावी, यावरून कळतं पाणी कुठवर आलं होतं.

प्रयोगाच्या आधी या ट्रामने कामाच्या दिवशी सुमारे ७२,००० लोक प्रवास करत. त्याच रस्त्यावरून दिवसाला सुमारे २०,००० मोटारी जात. म्हणजे माणसं मोजली तर रस्ता ट्रामचा होता, जागा मोजली तर मोटारींचा.

ट्राम नेमकी कुठे अडायची हे बारकाईने पाहायला हवं, कारण उपाय त्यातूनच निघाला. कॅनडात वाहनं उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे आपल्याकडे उजवं वळण जितकं त्रासाचं, तितकं तिथे डावं. डावीकडे वळणारी मोटार मधल्या लेनमध्ये, म्हणजे नेमकी रुळांवर, समोरून येणारी वाहनं संपायची वाट पाहत उभी राहणार. तिच्या मागे ट्राम. बस असती तर तिने कडेने वाट काढली असती. ट्राम रूळ सोडून कुठे जाणार? एका मोटारीतल्या एका माणसासाठी शंभर-सव्वाशे लोक एक सिग्नल गमावणार. त्या ट्रामच्या मागे दुसरी येऊन टेकणार. मग पुढच्या थांब्यावर वीस मिनिटं काहीच नाही आणि नंतर दोन-तीन ट्राम एकदम. पुण्यात पीएमपीच्या बसची वाट पाहिलेल्याला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी अडचण थांब्याची. टोरंटोत ट्राम रस्त्याच्या मधोमध थांबते आणि लोक फूटपाथवरून उतरून, एक लेन ओलांडून तिच्यात चढतात. दार उघडं असताना मागच्या वाहनांनी थांबायचं असा कायदा आहे, आणि बहुतेक जण तो पाळतात. सगळेच नव्हे.

नियम नव्हते असंही नाही. गर्दीच्या वेळी रुळांची लेन ट्राम आणि टॅक्सीसाठी राखीव, अशा पाट्या किंग स्ट्रीटवर १९९० च्या दशकापासून होत्या. त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. लेन राखीव आहे असं सांगणारी पाटी आणि सरळ जाणारी हजारो वाहनं एकत्र ठेवली की वाहनंच जिंकतात.

एक गल्ली आत, मग बाहेर

जुलै २०१७ मध्ये नगर परिषदेने प्रयोगाला मंजुरी दिली आणि चार महिन्यांत तो रस्त्यावर आला. मोटारींना किंग स्ट्रीट बंद करायचा नाही, पण तो आरपार जाण्याचा रस्ता म्हणून वापरू द्यायचा नाही, असं ठरलं. मोटार कुठल्याही आडव्या रस्त्याने येऊन किंगवर वळू शकते, एखाद्या दुकानासमोर माल उतरवू शकते, आजीला दवाखान्यापाशी सोडू शकते, गॅरेजमध्ये शिरू शकते. पुढचा मोठा चौक आला की मात्र बहुतेक ठिकाणी तिने उजवीकडे वळून किंग सोडायचा. सरळ नाही, डावीकडे तर नाहीच. पुन्हा यायचं तर वळसा घालून या.

मला या योजनेतली सर्वांत हुशारीची गोष्ट हीच वाटते. ‘रस्ता वाहनांना बंद’ असं म्हटलं की दुकानदार, रहिवासी, अपंगांच्या संघटना आणि माल पोचवणारे असे सगळे एकदम विरोधात उभे राहतात, आणि त्यांचं म्हणणं चुकीचंही नसतं. इथे रस्त्यावर काम असलेल्या कुणालाच अडवलेलं नाही. अडवलंय ते फक्त ज्याचं या रस्त्यावर काहीच काम नाही, त्याला. शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणाऱ्यासाठी शेजारी अ‍ॅडलेड आणि रिचमंड असे दोन एकेरी रस्ते, वेलिंग्टन आणि फ्रंट हे आणखी दोन उपलब्ध होते. जवळपास समांतर रस्ते नसते तर ही युक्ती चालली नसती, हेही लक्षात ठेवायला हवं. नदीकाठच्या किंवा डोंगराच्या कुशीतल्या शहरात ती जशीच्या तशी उचलून चालणार नाही.

टॅक्सीवाल्यांनी आणि नाट्यगृहांच्या भागातल्या व्यवसायांनी आवाज उठवल्यावर रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत टॅक्सींना सरळ जायची सूट मिळाली. ही तडजोड मला योग्य वाटते. रात्री दहानंतर ट्रामला अडवायला फारशी गर्दी नसते आणि नाटक सुटल्यावर लोकांना घरी जायचं असतं.

किंगवरच्या पार्किंगच्या सुमारे १८० जागा गेल्या. त्या कडेच्या लेनचे प्रत्येक दोन चौकांमध्ये तुकडे पाडले गेले. एका तुकड्यात ट्रामचा थांबा, एकात माल उतरवायची किंवा टॅक्सी थांबायची जागा, आणि उरलेल्यात बाकं, झाडांच्या कुंड्या, उन्हाळ्यात हॉटेलांची टेबलं. हे सगळं रंग, पाट्या, काँक्रीटचे सुटे ठोकळे आणि कुंड्या यांच्या जोरावर. फरसबंदी उखडली नाही, गटारं हलवली नाहीत. प्रयोग फसला असता तर ट्रकमध्ये भरून आठवड्याभरात सगळं नेता आलं असतं. विरोधकांना बैठकीत हेच सांगता येत होतं, आणि त्यामुळेच बैठका पार पडल्या.

थांबा चौकाच्या पलीकडे

बातम्यांमध्ये ज्याची फारशी चर्चा झाली नाही पण जो मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो, तो बदल थांब्यांचा आहे.

आधी थांबे चौकाच्या अलीकडे होते. ट्राम चौकाजवळ येते तेव्हा सिग्नल हिरवा असतो. पण तिला थांबायचं असतं, म्हणून ती थांबते. दारं उघडतात, माणसं चढतात-उतरतात, दारं मिटतात, आणि तोवर सिग्नल लाल. आता पुन्हा उभं राहा. एकाच चौकात दोनदा खोटी. सिग्नलला ट्राम आलेली कळवून हिरवा दिवा थोडा लांबवायची यंत्रणा लावली तरी ती इथे फुकट जाते, कारण लांबवलेला हिरवा दिवा ट्राम माणसं भरण्यातच घालवते.

थांबे चौकाच्या पलीकडे नेले. आता ट्राम हिरव्यावर चौक पार करते आणि मग निवांत थांबते. हिरवा दिवा लांबवला तर त्याचा पुरेपूर उपयोग होतो. शिवाय अलीकडची कडेची लेन रिकामी झाली, ती उजवीकडे वळणाऱ्या मोटारींना मिळाली. वळणाऱ्या मोटारींना चालणाऱ्यांसाठी थांबावंच लागतं, आणि किंगसारख्या रस्त्यावर चालणाऱ्यांचा ओघ संपतच नाही. या मोटारी रुळांवर खोळंबल्या असत्या तर सगळं मुसळ केरात गेलं असतं. कडेला रांग लागली तरी ट्राम शेजारून निघून जाते. एका बदलाने दोन कामं झाली: ट्रामचा वेळ वाचला आणि मोटारींना वळायची जागा मिळाली.

प्रवाशांसाठी कडेच्या लेनचा तो तुकडाच थांबा झाला. ठोकळ्यांनी सुरक्षित केलेला, दृष्टिहीनांना पायाला कळावा म्हणून पिवळी खडबडीत पट्टी असलेला. पुढे यातल्या बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकचे ठोकळे जोडून केलेले उंच फलाट आले, म्हणजे खालच्या पायरीच्या नव्या ट्राममध्ये चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी सरळ नेता यावी.

सायकलवाल्यांचं काय? त्यांना चौकातून सरळ जायची मोकळीक मिळाली, पण वेगळा मार्ग नाही. मोटारी कमी झाल्यामुळे सायकली कित्येक पटींनी वाढल्या, तरी त्यांना कुंड्या, माल उतरवणाऱ्या गाड्या आणि थांबे यांच्यामधून वाट काढावी लागते. बाजूला जाऊन रुळांमध्ये शिरावं, तर टोरंटोच्या प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक असलेली भीती: रुळाच्या खाचेत पुढचं चाक अडकलं की माणूस आडवा. रूळ काटकोनातच ओलांडायचा, हा तिथला पहिला धडा. सायकलप्रेमींनी या गोष्टीवर टीका केली. पण एका गल्लीच्या अंतरावर अ‍ॅडलेड आणि रिचमंडवर संरक्षित सायकल मार्ग आधीपासून होते. वीस मीटरच्या एकाच रस्त्याकडून सगळ्यांच्या सगळ्या अपेक्षा पुऱ्या करून घ्यायच्या म्हटलं की कुणाचंच धड होत नाही. आपल्याकडे एकाच नकाशावर मोटारींच्या चार लेन, पार्किंग, सायकल ट्रॅक आणि रुंद फूटपाथ काढून दाखवायची फार हौस असते. टोरंटोने इथे ट्राम आणि तिथे सायकल अशी वाटणी केली, ती मला पटते.

बर्फाचं बोट

२०१७ च्या डिसेंबरअखेरीस आणि जानेवारीच्या सुरुवातीला टोरंटोत विलक्षण थंडी पडली. नव्याने मांडलेल्या बाकांवर बसायला कोण येणार? मोटारी नाहीत, माणसं घरात, ट्राम आली की तेवढी लगबग आणि मग पुन्हा शांतता. रस्ता ओसाड दिसू लागला. त्याची छायाचित्रं काढायला हॉटेलमालकांना मोकळं रान मिळालं. धंदा अर्ध्यावर आला अशा तक्रारी झाल्या. एका इटालियन रेस्टॉरंटच्या मालकाने तर दारासमोर बर्फाचा एक मोठा पुतळा उभा केला: मधलं बोट वर केलेली मूठ. तो फोटो सगळ्या देशात फिरला.

नगर प्रशासनाने इथे दोन गोष्टी बरोबर केल्या. पार्किंगवर सवलत, कलाकृती, खाद्यमहोत्सव अशा उपायांनी लोकांना रस्त्यावर ओढायचा प्रयत्न केला, आणि दर महिन्याला आकडे जाहीर केले. ट्रामचा वेळ, प्रवासी, शेजारच्या रस्त्यांवर मोटारींना लागणारा वेळ, सायकली, सगळं. मोटारींचा वेळ मोजायला रस्त्यावर ब्लूटूथचे संवेदक लावले होते. दुकानांच्या धंद्याचा अंदाज घ्यायला कार्डावरून होणाऱ्या खरेदीची एकत्रित आकडेवारी एका पेमेंट कंपनीकडून घेतली.

या शेवटच्या आकड्याबद्दल दोन्ही बाजूंनी बरीच ओढाताण झाली. प्रयोगाच्या काळात या पट्ट्यातला ग्राहकांचा खर्च वर्षाला सरासरी ०.३ टक्के वाढला. प्रयोगाचे समर्थक म्हणाले, बघा, वाढलाच. पण आधीच्या वर्षी ती वाढ २.५ टक्के होती. धंदा बुडाला हे खोटं, आणि काहीच झालं नाही हेही खोटं. शिवाय पट्ट्याची सरासरी एखाद्या विशिष्ट हॉटेलच्या गल्ल्याबद्दल काहीच सांगत नाही. मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या एखाद्या हॉटेलला फटका बसला असेल, आणि ट्रामच्या नव्या थांब्यासमोरच्या कॉफीवाल्याची चांदी झाली असेल. सरासरीत दोघेही गडप.

ओसाडपणाबद्दल एक गोष्ट मात्र कुणी फारशी बोललं नाही. तीस मीटर लांबीच्या नव्या ट्राममध्ये नियोजनाच्या हिशोबाने १३० माणसं बसतात-उभी राहतात. तेवढीच माणसं मोटारींमध्ये घातली तर शंभरेक गाड्यांची रांग होते आणि रस्ता भरलेला, ‘जिवंत’ दिसतो. ट्राम तेवढीच माणसं नेऊन निघून गेली की मागे मोकळं डांबर उरतं. त्या फोटोंमध्ये माणसं नाहीत असं वाटतं, कारण माणसं पोचलेली असतात.

आकडे आणि त्यांच्यामागचे आकडे

ट्रामचे प्रवासी कामाच्या दिवशी ७२,००० वरून ८४,००० वर गेले. १७ टक्के वाढ. एवढ्या थोड्या काळात, एका मार्गावर, एवढी वाढ कुठलंही शहर मिरवेल. पण याच काळात जुन्या पंधरा मीटरच्या ट्राम जाऊन नव्या लांब ट्राम येत होत्या. जुनीत ७४ माणसांचा हिशोब, नवीत १३०. आधी थांब्यावर सोडून दिले जाणारे लोक आता चढू शकत होते. म्हणजे या १७ टक्क्यांचं सगळं श्रेय रस्त्याच्या नव्या नियमांना देता येणार नाही. उलटही खरं आहे: जुन्याच गर्दीत अडकलेली लांब ट्राम म्हणजे आणखी मोठी खोटी झाली असती. दोन्ही बदल एकमेकांच्या जोरावर चालले, आणि त्यांचे वाटे वेगळे काढण्याची तसदी फार कुणी घेतली नाही.

वेळेचं गणित जास्त बोलकं आहे. प्रवासाच्या सरासरी वेळेत झालेली बचत फार डोळ्यांत भरणारी नव्हती. २.६ किलोमीटरमध्ये ती असणार तरी किती? खरा फरक पडला तो संध्याकाळच्या गर्दीतल्या सर्वांत संथ फेऱ्यांमध्ये. त्या दोन्ही दिशांना सुमारे ५ मिनिटांनी सुधारल्या. ठरलेल्या वेळेला पोचायलाच हवं असणारा माणूस सरासरी धरून निघत नाही. तो वाईटात वाईट दिवस धरून निघतो. वाईट दिवस पाच मिनिटांनी कमी वाईट झाला, की तो रोज पाच मिनिटं उशिरा निघू शकतो, त्या दिवशी गर्दी असो वा नसो. रस्त्यांच्या प्रकल्पांचे अहवाल सरासरी वेगावर लिहिले जातात आणि लोक खात्रीवर जगतात, त्यामुळे अहवालात यशस्वी ठरलेले बरेच प्रकल्प थांब्यावरच्या माणसाला यशस्वी वाटत नाहीत.

आणि समांतर रस्त्यांवर भयंकर कोंडी होईल हे भाकीत? शेजारच्या रस्त्यांवर मोटारींच्या प्रवासाला लागणाऱ्या वेळेत सरासरी एक मिनिटाचाही फरक पडला नाही. काही वाहनं पसरली, काही लोकांनी वेळ बदलली, काहींनी मोटार घरी ठेवली.

१६ एप्रिल २०१९ रोजी नगर परिषदेने २२ विरुद्ध ३ मतांनी हा प्रयोग कायम केला.

पहारा उठल्यावर

बहुतेक लेख आणि भाषणं २०१९ च्या त्या मतदानापाशी थांबतात. खरा अभ्यास तिथून पुढे आहे.

सुरुवातीच्या महिन्यांत चौकाचौकात पोलीस होते. सरळ गेलेल्या मोटारवाल्याला ११० डॉलर दंड आणि परवान्यावर दोन उणे गुण. प्रांताबाहेरून आलेला, नवखा, नकाशाच्या अ‍ॅपवर विसंबलेला असे अनेक जण सापडत, पण रोज त्याच रस्त्याने जाणारे लवकर शहाणे झाले. मग कोविड आला. रस्ते रिकामे झाले, पोलीस दुसऱ्या कामांना लागले, आणि गर्दी परतली तेव्हा पहारा परतला नाही. एक मोटार सरळ गेली, काही झालं नाही. मागच्याने पाहिलं, तोही गेला. पाट्या जिथल्या तिथे होत्या.

त्यात मे २०२३ पासून शेजारचा क्वीन स्ट्रीट नव्या ऑन्टॅरिओ लाइन मेट्रोच्या स्टेशनसाठी शहराच्या ऐन मध्यात काही वर्षांसाठी बंद झाला. तिथल्या मोटारी इतरत्र वळल्या, ट्रामचे मार्ग बदलले. २०२३ च्या शरदात संध्याकाळी किंगवरच्या ट्राममधून उतरून लोक चालत निघायचे आणि ट्रामच्या आधी पोचायचे. सहा वर्षांपूर्वी देशभर गाजलेला रस्ता जवळजवळ मूळपदावर आला होता. नियम तेच, रंग तोच, कुंड्या त्याच.

त्यानंतर शहराने मध्यवर्ती चौकांमध्ये वाहतूक नियंत्रक उभे केले. चौक अडवून उभं राहायचं नाही, सरळ जायचं नाही, एवढंच ते पाहत. ट्रामच्या वेळा लगेच सुधारल्या. म्हणजे आराखडा चुकला नव्हता. तो आपोआप पाळला जाईल, असं धरून चाललं ते चुकलं.

इथे पुण्याची आठवण अपरिहार्य आहे. कात्रज-स्वारगेट-हडपसर ही देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, २००६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. बसच्या मार्गिकेत दुचाकी आणि मोटारी घुसू नयेत म्हणून वॉर्डन नेमले गेले. वॉर्डन असेपर्यंत मार्गिका बसची, नसले की सगळ्यांची. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी तर काढूनच टाकली. टोरंटो आणि पुणे यांची शिस्त, पैसा, पोलीस, काहीच सारखं नाही. तरीही माणूस हलला की मार्गिका गेली, हा अनुभव दोन्हीकडे शब्दशः तोच. टोरंटोत शिस्त असते म्हणून तिथे जमतं, हा आपल्या बैठकांतला आवडता युक्तिवाद किंग स्ट्रीटने पार खोडून काढला आहे.

फरक आहे तो दुसऱ्या गोष्टीत. आपल्या बीआरटीत रेलिंग, थांबे, काँक्रीट यांवर आधी पैसा गेला आणि पुरेशा बस नंतर कधीतरी येतील असं धरलं होतं. मार्गिका रिकामी दिसली की शेजारी अडकलेला मोटारवाला चिडतो, आणि त्याचं चिडणं राजकीय होतं. किंगवर रोज ७२,००० प्रवासी आधीपासून होते, ट्राम काही मिनिटांच्या अंतराने येत होती. जागा मागणारे आधी, जागा नंतर. हा क्रम उलटा असता तर त्या थंडीतल्या फोटोंनीच प्रयोगाचा बळी घेतला असता.

माझ्या मते टोरंटोची चूक २०१९ मधली आहे. स्वस्त आणि हलवता येण्याजोग्या सामानाने प्रयोग करणं हे शहाणपणाचंच होतं. पण मतदान झाल्यावर तेच सामान बराच काळ तिथे राहिलं. मोटारीला सरळ जाणं अशक्य किंवा निदान अवघड वाटेल, असे कोपरे बांधून काढायला हवे होते: वळणाच्या लेनच्या पुढे फूटपाथ पुढे आणायचा, चौकातला ट्रामचा पट्टा थोडा उंच करायचा, रुळांच्या लेनचा रंग आणि पोत असा करायचा की चाक त्यावर गेल्याचं चालकाला हाताला कळेल. पाटी वाचावी लागते, उंचवटा वाचावा लागत नाही. अर्थात चौकात पूर्ण अडथळा उभा करता येत नाही, कारण अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि रात्रीच्या टॅक्सी यांना तिथूनच सरळ जायचं असतं. काही प्रमाणात नजर लागणारच.

ही नजर माणसाऐवजी कॅमेऱ्याने ठेवायची, असा विचार शहरात बरीच वर्षं चालू आहे. न्यूयॉर्कमध्ये बसवर लावलेले कॅमेरे बसच्या लेनमध्ये घुसणाऱ्यांना घरी दंड पाठवतात. टोरंटोला मात्र ते स्वतःच्या अधिकारात करता येत नाही, त्यासाठी ऑन्टॅरिओ प्रांताचा कायदा लागतो. आणि प्रांताचा कल उलटा आहे: तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगमर्यादा मोडणाऱ्यांना पकडणारे कॅमेरेच प्रांतभर बंद केले. तेव्हा किंग स्ट्रीटचा प्रश्न आता चौकात उभ्या राहणाऱ्या नियंत्रकांच्या पगारावर येऊन ठेपला आहे. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ती रक्कम टिकते की छाटली जाते, ते पाहून ५०४ ची पुढच्या वर्षीची संध्याकाळ कशी जाईल हे बऱ्यापैकी सांगता येतं.